बळीचा बुरूज

खर्ड्याच्या लढाईला दोनशे वर्षं झाली त्या साली किल्ला बघायला माणसं येऊ लागली आणि शेजारच्या गावाच्या पोटात दुखू लागलं. त्यांच्याकडे होती एक पडकी गढी, आणि तिच्या बुरुजात कधीकाळी जिवंत चिणलेला एक माणूस. झालं, सरपंचांच्या आदिनाथला पर्यटनाची वाट सापडली.

"भीमा, मानूस तुमच्याच घरातला हुता. तूच उभा ऱ्हा बुरुजातल्या त्या कोनाड्यात, चिनायचा खेळ दावू. लई लांबनं लोकं येतील."

भीमा एका अटीवर कबूल झाला. चिणलेल्या रंभाजीचं नाव मोठ्यानं पुकारायचं.

त्याची बायको यशोधरा अंगणवाडी चालवायची. ती भडकली. "ज्येंनी चिनलं त्येंच्याच नातवंडांनी खेळ मांडायचा, आन् तुमी त्यात उभं ऱ्हायचं?"

"नाव तरी ऐकंल कुनी."

दर रविवारी भीमापुढे विटा रचल्या जात. लोक हळहळत, भेळ खात, टाळ्या वाजवत. नाव मात्र कुणी घेईना. 'बळी' म्हटलं की भागतंय, आदिनाथ म्हणायचा.

दुसऱ्याच रविवारी भीमाच्या नखांत चुना दिसला. विटा थर्माकोलच्या होत्या, रंगवताना यशोधरेनं पाहिल्या होत्या. धम्म घेतला तेव्हाच त्यांच्या घरानं भुताखेतांना बाहेरची वाट दाखवली होती, त्यामुळे ती घाबरली नाही. तिनं ब्रशनं नखं घासली. पुढं पापण्यांवर चुना आला. अंगाला ओल्या दगडाचा वास येऊ लागला. मग तो भिंतीला टेकून उभ्यानंच झोपू लागला.

"आडवं झालं की दम कोंडतुया," म्हणाला.

"आता जायाचं न्हाई."

"नाव आजून घ्येतलं न्हाई त्येंनी."

त्या रविवारी तीही गेली. विटा छातीपर्यंत आल्या, गळ्यापर्यंत आल्या. भीमाचे डोळे गर्दीत तिलाच शोधत होते. शेवटची वीट बसली. टाळ्या झाल्या. आदिनाथनं विटा काढायला घेतल्या.

मागं कोनाडा नव्हता.

दगडी भिंत होती. जुनी, सांध्यांत शेवाळ धरलेली.

लोकांना वाटलं, हीच खरी करामत. टाळ्या थांबेनात.

पोलिसांनी भिंत ठोकून पाहिली. भरीव लागली. माणूस मुंबईला पळाला असेल, म्हणाले. यशोधरा रोज संध्याकाळी बुरुजाशी जाऊन हाका मारायची. भिंत गप्प. रविवारी मात्र भरल्या गर्दीत तिनं टाहो फोडला, "अहो!"

आतून घोगरा आवाज आला, "ओ."

आवाज भीमाचाच होता. लोक खूश झाले. आदिनाथनं तिच्यासाठी बुरुजापाशी खुर्ची टाकली. त्या खुर्चीचा तिला मनापासून संताप येतो, तरी ती बसते. एकट्या बायकोला भीमा ओ देत नाही. माणसं असली तरच देतो, आणि गर्दी ओसरली की आवाज क्षीण होत जातो.

हल्ली रविवारी सकाळी एसटी स्टँडवर यशोधरा उभी असते. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून म्हणते, "या ना, बळीचा बुरूज बघायला या."