तांबट पंचांची भिंत

बसवकल्याणच्या तांबट गल्लीत निजामाच्या काळातली पंचांची इमारत अजून ताठ उभी आहे. दारावर दगडी कमान, कमानीत कोरलेला घडा. गल्लीत आता स्टीलची दुकानं झाली, तरी त्या दारासमोरून जाताना हेमावतीची मान आपोआप वर होई. शाळेत बाई झाली म्हणून काय झालं, रक्त तांबटाचंच होतं!

त्या दुपारी ती वडिलांचा, शंकरप्पांचा, हातोडा पिशवीत घालून आली. आतल्या लांब भिंतीवर गल्लीतल्या प्रत्येक गेलेल्या कारागिराचा हातोडा टांगायचा रिवाज होता. आधी तो मधल्या ऐरणीवर वाजवायचा. भिंतीवरच्या हातोड्यांनी तो आपला मानला, तर ते ओ देतात म्हणे. नाही दिली, तर हातोडा मुकाट घरी न्यायचा. शंकरप्पांनी पुढं कलबुर्गीत कारकुनी केली, तेव्हापासून ‘तो कसला तांबट’ असं लोक तोंडावर म्हणत. हेमावतीला ते कधीच पचलं नव्हतं.

शेवटचे पंच, म्हातारे तिप्पण्णा, किल्ली घेऊन दारात बसले होते. त्यांनी हातोडा उन्हात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे काय केलीस पोरी? घासलीस कामून?”

“चिंच लावून लख्ख केले, काका. अप्पाचा हातोडा मळका कसा टांगू?”

“अगं, दांड्यावरची काजळी म्हंजे त्याचा हात. ती पुसायची नस्ती. आता भिंतीवरच्यांनी त्याला वळखावं कसं?”

हेमावतीला भडभडून आलं. तांब्याची भांडी चिंचेनं घासायची सवय तिनं हातोड्यालाही लावली होती. पण इथवर येऊन मागं फिरणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती आत शिरली.

आत गारवा होता. भट्टी विझून वर्षं लोटली होती, तरी ओल्या कोळशाचा वास येत होता. गल्लीतला गलका दारातच थांबला. तिनं हातोडा उचलून ऐरणीवर मारला. नाद कमानीत फिरला आणि विरला. भिंत गप्प होती.

“झालं... चल,” तिप्पण्णा हळूच म्हणाले.

“थांबा की. अप्पाचा हात गेला, माझा हाय न्हवं? त्यांनीच मला घडा ठोकायला शिकवलं.”

“बाईच्या हाताला... आजपतोर न्हाई.”

“मग आज देतील!”

आणि तिनं वडिलांनी शिकवलेला ठेका धरला. दोन हलके, एक जड. दोन हलके, एक जड.

भिंतीच्या टोकाकडून एक हातोडा बोलला. मग शेजारचा. मग सगळी भिंत त्याच ठेक्यात ठणठणू लागली, आणि एकही हातोडा खिळ्यावर हलत नव्हता. हेमावतीच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी छाती अभिमानानं भरून आली. ऐका लोकहो, कसला तांबट ते!

तिप्पण्णांनी टोपी काढली होती.

“हेमा... ही ओ शंकरप्पाला न्हाई. तुला दिलेत.”

“पण काका... जित्या माणसाला ओ देतात व्हय?”

तिप्पण्णांनी भिंतीकडं बोट केलं. भिंतीत एक रिकामा खिळा होता. तिनं त्यावर हातोडा टांगला आणि ती बाहेर आली. दांडा लख्ख होता, तरी तिच्या उजव्या तळव्यावर काजळी उमटली होती.

घरी तिनं उजवा तळवा साबणानं धुतला, मग चिंचेनं. काजळी निघाली नाही. शाळेत पोरांनी विचारलं, तेव्हा ती ताठ मानेनं म्हणाली, “तांबटाचा हात आहे.” तो तिनं पदराआड लपवला नाही.

तेव्हा काजळी तळव्यापुरती होती. आता ती कोपराच्या वर आली आहे.