जो थांबला

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर उभा होता. दोन्ही हातांवर एक बेशुद्ध म्हातारा आणि स्वतःच्या शर्टभर रक्त.

"सिस्टर... उदगीर रस्त्याच्या कडंला पडले होते. कोणतरी उडवून गेलंय."

सलोमीने स्ट्रेचर पुढे ओढलं. भालकीत दुपारपासून परतीचा पाऊस लागला होता. फाटकात त्याची पिकअप दार उघडं टाकूनच उभी होती आणि मागची सोयाबीनची पोती भिजत होती.

डॉक्टर म्हाताऱ्याला आत घेऊन गेले. डोक्याला मार होता. थोड्या वेळाने सलोमी बाहेरच्या खोलीत आली, तर तो भिंतीला टेकून तसाच उभा. नाव नागराज, गाव चिंताकी, एवढंच त्याने सांगितलं.

"तुमची पोती भिजायलीत."

"भिजू द्या. जगतील का ते?"

उत्तर द्यायला तिने मान वर केली. त्याचे डोळे तिच्यावरच होते — घाबरलेले, पण सरळ.

तेवढ्यात फाटकात आरडाओरड झाली. म्हाताऱ्याचं नाव हावगेप्पा. त्यांचा थोरला मुलगा अमृतप्पा माणसं घेऊन आला होता, हातांत काठ्या होत्या. बापाला पिकअपमध्ये घालताना कुणीतरी लांबून पाहिलं होतं. पिकअपवाल्यानेच उडवलं, असं गावभर झालं होतं.

सलोमीने झटकन दाराला कडी घातली.

"मागं दार हाय. तिकडनं निघा."

"पळालो तर मीच उडवलो म्हणतील."

"आन् थांबलात तर मारतील."

"तुम्हाला काय वाटायलंय?" तो हळू म्हणाला. "मी उडवलोय?"

त्याला भेटून अर्धा तासही झाला नव्हता. दारावर काठ्या आपटत होत्या. तिने मनातल्या मनात प्रभूचं नाव घेतलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग बास झालं."

तिने कडी काढली आणि स्वतःच दारात उभी राहिली. "अण्णा, तुमचे अप्पा जिते हायेत. काठ्या भायर ठेवा, मग आत या."

"ड्रायव्हर कुठाय?"

"माझ्या मागं हाय." ती दारातून हलली नाही.

अमृतप्पाने तिच्याकडे पाहिलं, मग आतल्या खाटेकडे. काठी पायरीवर टाकून तो आत शिरला. नागराजही मागोमाग खाटेपाशी आला.

बऱ्याच वेळाने हावगेप्पांचे डोळे किलकिले झाले. अमृतप्पा वाकला. "अप्पा, कोण उडवलं?"

म्हाताऱ्याची नजर एकेका तोंडावरून फिरली आणि नागराजवर थांबली. बोट उचललं गेलं.

"ह्योच..."

अमृतप्पाने नागराजची कॉलर धरली. सलोमी मध्ये घुसली, दोन्ही हातांनी अमृतप्पाचं मनगट धरलं. "त्यांचं बोलणं पुरं होऊ द्या, अण्णा. तेवढं तरी."

"ह्योच... थांबला," हावगेप्पा म्हणाले. "बाकीच्या गाड्या बघून बघून गेल्या."

कॉलरवरचा हात सुटला. अमृतप्पा खाली फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग उठून बाहेर गेला. ज्यांनी काठ्या आणल्या होत्या त्यांनीच पोत्यांवर ताडपत्री ओढली.

नागराज त्यानंतर रोज येऊ लागला.

"अप्पांना बघायला येता?" सलोमीने एकदा विचारलं.

"व्हय."

"ते तर झोपलेत."

"म्हणून तर बसलोय," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "एक सांगू? तुम्हाला सिस्टर म्हणायला जीभ वळंना झालीय."

"मग नाव घ्या. सलोमी."

"सलोमी..." त्याने सावकाश म्हणून पाहिलं. तिने इंजेक्शनचा ट्रे उगाचच पुन्हा लावला.

हावगेप्पा घरी गेले त्या दिवशी तो रिकाम्या खाटेपाशी उभा होता. "उद्यापासनं काय निमित्त सांगू?"

"निमित्त कशाला... खरं सांगावं."

"खरं?" त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू."

"माझ्या अप्पांना विचारते," ती म्हणाली. ती तशीच बस धरून संतपूरला घरी गेली.

तिचे वडील याकोबप्पा दर रविवारी चर्चमध्ये उपदेश करत. सगळं ऐकून त्यांनी हातातलं बायबल मिटलं.

"पोरगा चांगला असंल. पर आपल्यातला न्हाई त्यो, बाई."

"अप्पा, येशूची ती गोष्ट तुम्हीच सांगता ना?" सलोमी म्हणाली. "लुटलेला माणूस वाटंत पडला. त्याच्यातलेच लोक बघून बाजूनं निघून गेले, आन् थांबला त्यो परका शोमरोनी... त्यो तरी कुठं त्याच्यातला हुता?"

याकोबप्पांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा पुसला.

"आईतवारी जेवायला बोलाव त्याला," शेवटी ते म्हणाले. "बोलून बघतो. हो म्हणालो न्हाई अजून."

ती अंगणात धावली. तिने नागराजला फोन लावला.

"अप्पांनी जेवायला बोलावलंय."

पलीकडून दबक्या आवाजात, "हो म्हणाले?"

"न्हाई अजून. जेवायला बोलावलंय."

"आन् तू... तू काय म्हणायलीस?"

घरात अप्पांचा खोकला ऐकू आला. सलोमीने फोन जवळ धरला, डोळे मिटले.

"मी हो म्हणायलेय."