दीघाची बस

'सुखकर्ता' गुणगुणत शकुननं ओंजळभर निर्माल्य गंगेत सोडलं आणि ती वळणार, एवढ्यात पलीकडच्या पायऱ्यांवरून हाक आली, "अहो बाई, तुमची फुलं माझ्याकडे आली!"

मराठीत! कलकत्त्याच्या बाबूघाटावर! तिनं दचकून पाहिलं. गुडघ्यापर्यंत पँट दुमडून एक सावळा मुलगा पाण्यात उभा होता, आणि तिच्या देवाचा झेंडू त्याच्या पोटऱ्यांना बिलगला होता.

"समुद्र तर तिकडे आहे ना?" तो दक्षिणेकडे हात करून म्हणाला. "मग फुलं उलटी कशी आली?"

"भरती आहे म्हणून."

"नदीला... भरती?"

"कलकत्त्यात राहता आणि एवढंही ठाऊक नाही?"

त्यानं पाण्यात बोट बुडवलं, हळूच जिभेला लावलं आणि त्याचा चेहरा पडला. "खारट नाही."

शकुनला हसू आवरेना. पण त्याचे डोळे भरून आलेले दिसले आणि ती त्याचं नाव-गाव विचारायला लागली.

त्याचं नाव रघुनाथ सखाराम. गाव मॉरिशस. पणजोबा कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यात गेलेले. मराठी आजीनं शिकवलेली. बेट नुकतंच स्वतंत्र झालं होतं आणि हा डॉक्टर व्हायला इथं आला होता. आल्यापासून त्याचं कशातही मन लागत नव्हतं.

"घरी खिडकी उघडली की समुद्र दिसतो," तो म्हणाला. "हॉस्टेलची उघडली की समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे. एकदा समुद्र बघतो, आणि मग ठरवतो... इथं राहायचं की घरी परत जायचं."

"मी दाखवते की समुद्र!" शकुन म्हणून गेली. म्हटल्यावर तिनं जीभ चावली, पण त्याचा काय उपयोग?

आता, शकुनचा जन्म कलकत्त्यातल्याच भवानीपूरचा. समुद्र कुठे आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. एस्प्लनेडला दीघाची बस मिळते. सकाळी बसलं की दुपारी पाय लाटांत. पण पहिल्या रविवारी तिला वाटलं, एकदम एवढ्या लांब कसं न्यायचं? पुढच्या रविवारी वाटलं, आधी नदी तर नीट बघू दे. आणि तो आजीच्या जुन्या मराठीत तिची चेष्टा करायला लागला, तेव्हा तिनं स्वतःशी खरं काय ते कबूल केलं... समुद्र दिसला की हा जाईल.

मग काय, 'समुद्र अजून जरा पुढे आहे' म्हणत दर रविवारी नदीच्या कडेनं एकेक घाट. हातात निर्माल्याची पिशवी होतीच.

"अगं, देवाची फुलं सोडायला गार्डन रीच?" आईनं विचारलं.

"तिथलं पाणी स्वच्छ असतं, आई."

जिथं जहाजं बांधतात, तिथलं! आईनं लेकीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि डब्यात दोन पोळ्या वाढवल्या.

दोघं भेटायची एस्प्लनेडला. कंडक्टर "दीघा! दीघा!" ओरडायला लागला की शकुन मोठमोठ्यानं बोलायला लागायची, नाहीतर झालमुडीचा, म्हणजे बंगाली भेळेचा, पुडा रघुनाथच्या हातात कोंबून त्याला दुसरीकडे ओढायची. तोही मुकाट्यानं खायचा आणि नाक पुसायचा.

थंडी सरता सरता ती दोघं लोकलनं बजबज स्टेशनला आली. रूळ तिथंच संपत होते. ज्यूटच्या गिरण्या रविवारच्या शांत होत्या आणि नदी चांगलीच रुंद झाली होती.

"बाबा विचारतायत," रघुनाथ म्हणाला. "परत येणार असशील तर तिकीट काढतो म्हणून. आज त्यांना कळवायचंय. शकुन, समुद्र कधी दाखवणार तू?"

आता खोटं बोलायला घाटही उरला नव्हता.

"मी फसवलं तुला," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "दीघाला समुद्र आहे. एस्प्लनेडवरूनच बस सुटते. मी मुद्दाम नाही नेलं... तू गेला असतास. आणि तू जाऊ नयेस असं मला फार, फार वाटतं."

तिनं भीत भीत मान वर केली. तो हसत होता.

"हसतोस काय?"

"पहिल्याच आठवड्यात रूममेटला विचारलं होतं मी, दीघा म्हणजे काय ते."

"म्हणजे तुला... ठाऊक होतं?"

"तो कंडक्टर केवढ्यानं ओरडतो! मी काय बहिरा आहे?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर न्यावं लागलं असतं तुला. मग पुढचा रविवार कुठून आणायचा?" तो तिच्याकडे वळला. "आणि झालमुडी मला तिखट लागते, शकुन. फार तिखट लागते. तरी दर रविवारी खाल्ली."

ती हसली आणि रडलीही. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, फुलं तिच्या ओंजळीत ओतली आणि खालून आपली ओंजळ धरली. दोघांनी मिळून ती पाण्यात सोडली. ओहोटी लागली होती. झेंडू हलकेच फिरला आणि दक्षिणेकडे निघाला.

"आता बरोबर चाललीत," रघुनाथ म्हणाला. "घरी पोचली की सांगतील, मुलगा डॉक्टर झाल्याशिवाय येत नाही."

"एवढंच सांगतील?"

"नाही." त्यानं तिचा ओला हात हातात घेतला. "आला की एकटा येणार नाही, हेही सांगतील."