जमीन वितळेपर्यंत

डेलाची गाडी दफनभूमीच्या चढावर चिखलात रुतली, आणि ढकलायला धावून आला तो नेमका कबरी खणणारा रॉस.

"चाक सरळ करा आधी... हं, असं. एवढी घाई कसली?"

"वडलांना पुरायचंय."

रॉसनं गाडीला खांदा लावला.

दहा हजार फुटांवरचं गाव ते. थंडीत जमीन दगडासारखी गोठते, म्हणून तेव्हा गेलेल्या माणसालाही तिथे पुरण्यासाठी वसंताची वाट बघावी लागते. डेलाचे वडील, हार्लन, जानेवारीत गेले, तेव्हापासून त्यांची शवपेटी दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या दगडी खोलीत होती. जमीन वितळली का ते रॉसनं दर सोमवारी सळई ठोकून बघायचं, आणि तो हो म्हणाला की खणायचं. डेला त्यासाठीच डेन्व्हरहून रजा काढून आली होती.

सळई खणकन वाजली. "खाली अजून बर्फ आहे. पुढच्या सोमवारी बघू."

"तुमचे सोमवार काही संपत नाहीत हो."

"मग मंगळवारीही या की... कॉफी पाजतो."

ती हसली, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. बाप पलीकडे पडलाय आणि आपल्याला हसू कसलं येतंय!

तरी ती गेली. मंगळवारी गेली, गुरुवारीही गेली. सकाळी ऊन, दुपारी बर्फ... त्याच्या शेडमध्ये दोघं एकाच शेगडीवर हात शेकत बसायची. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

मे सरत आला तसा डेन्व्हरहून साहेबांचा फोन आला: शुक्रवारपर्यंत ये, नाहीतर येऊच नकोस. त्या सोमवारी तिनंच सळई हातात घेतली. सळई मुठीपर्यंत जमिनीत गेली.

"कधीपासून, रॉस?"

"दोन आठवडे..." त्याची मान खाली होती. "पुरलं की तू जाणार होतीस. माझा जीव जडलाय तुझ्यावर, डेला. पण हे फार वाईट केलं मी."

तिनं फावडं उचललं. दुपारपर्यंत दोघांनी खणलं, आणि गावातल्या चार माणसांनी पेटी खाली सोडली.

माणसं पांगल्यावर रॉसनं विचारलं, "मला माफ करून... थांबशील?"

"तुला केव्हाच माफ केलं रे." तिनं हातांवरची माती झटकली. "तू सळई मुद्दाम दगडावर आपटायला लागलास ना, ते मला त्याच सोमवारी दिसलं होतं. दिवस वाढावेत म्हणून मी गप्प बसले, आणि बाप तसाच पडून राहिला. तुझ्यासोबत राहिले, तर स्वतःला कशी माफ करू?"

ती गाडीत बसली. या वेळी चाकं रुतली नाहीत, आणि रॉसला ढकलायला यावं लागलं नाही.