वात्सल्याचा एकमेव घटक

मानसमापन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर संख्याशास्त्रज्ञ डॉ. फिरोज तांबोळी सकाळपासून एकाच आकड्याकडे बघत बसला होता. एकाहत्तर टक्के. आकडा इतका देखणा होता की त्याचाच त्याला संताप येत होता.

"मॅडम, हे खरं असूच शकत नाही," तो म्हणाला.

डॉ. मृणाल घैसास यांनी चष्मा काढला. अनाथ मूल कुणाच्या घरी राहणार हे ठरवणारी पालकत्व मापनी त्यांनी बनवली होती आणि गेली अकरा वर्षं ती राज्यभर चालत होती. चाळीस प्रश्न आणि मनगटावर सत्यपट्टी. खोटं बोललात की नाडी चुगली करणार. साठ गुण पडले तर मूल तुमचं, नाहीतर नमस्कार.

"काय खरं नाही?"

"मापनी ज्यावर प्रमाणित झाली ते घटक विश्लेषण. चाळीस उत्तरं एकत्र वरखाली होत असतील तर त्यांच्यामागे काहीतरी एकच दडलंय, असं आपण धरतो. तुम्ही त्याला वात्सल्य म्हणालात. पण गणिताला नाव कुठे ठाऊक असतं? त्याला एवढंच कळतं की ही उत्तरं एकमेकांना धरून चालतात. आणि इथे सगळ्या फरकातला एकाहत्तर टक्के हा एकटा घटक उचलतोय. जिवंत माणसं अशी नसतात हो. जो बाप अभ्यास घेतो तोच धपाटाही घालतो."

"म्हणूनच तर मापनी नावाजली गेली, फिरोज."

समोर अपील घेऊन आलेल्या हेमलता वाघचौरे बसल्या होत्या. सिन्नरकडच्या निवृत्त शिक्षिका. धाकटी बहीण वारल्यापासून तिची मुलगी कस्तुरी त्यांच्याकडेच वाढत होती. आता सहा वर्षांची होती. बाईंना मापनीवर एकतीस गुण पडले होते. आज अपील फेटाळलं तर उद्या पोरगी परक्या घरी जाणार होती.

"मापनी ज्यांवर प्रमाणित केली ते फॉर्म आम्हीच भरलेत," बाई म्हणाल्या.

दोघं त्यांच्याकडे वळले.

"तेव्हा पट्टी नव्हती, कागद होते. काम आलं शाळांवर, दुसरं कुणावर येणार? चोवीसशे घरं, तीन आठवडे, वर परीक्षा तोंडावर. लोक सापडेनात. सापडले तर दहाव्या प्रश्नाला उठून जायचे. मग आम्ही सहाजणी व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलो. मी सांगायची, बाकीच्या खुणा करायच्या. चांगली आई कधी ओरडत नाही, कधी कंटाळत नाही, कधी हात उचलत नाही. सगळेच चांगले दाखवले असते तर साहेबांना संशय आला असता, म्हणून दर पाचातला एक वाईट धरायचो. वाईट म्हणजे सगळ्याच बाबतीत वाईट. विचार कोण करत बसणार?"

"आणि यावेळी तुम्ही स्वतः?" फिरोजने विचारलं.

"पट्टी बांधली होती ना. दोनदा मारलंय तिला, ते सांगितलं. कधी कधी जीव नकोसा होतो, तेही सांगितलं. तिच्याशिवाय घास उतरत नाही, तेही सांगितलं."

फिरोजने संगणकावर उत्तीर्णांची यादी उघडली. एकेक नाव तपासत तो शेवटापर्यंत गेला.

"मॅडम, यातल्या एकानेही पूर्वी मूल वाढवलेलं नाही. 'मुलावर कधीच ओरडलो नाही' हे त्यांना खोटं न बोलता म्हणता येतं. वर्षाने फेरचाचणी होते. तोवर मूल घरात वर्षभर राहिलेलं असतं. दुसऱ्यांदा आजवर कुणीच उत्तीर्ण झालेलं नाही. मूल पुढच्या घरी. नव्या, कोऱ्या माणसांकडे."

घैसासबाईंनी यावर एक निबंध लिहिला होता. पालकांच्या वात्सल्याची बारा महिन्यांत होणारी झीज, असा काहीसा विषय. त्याबद्दल दिल्लीत त्यांचा सत्कारही झाला होता. झीज कसली, डोंबल.

"साडेनऊ हजार मुलं आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "हे बाहेर गेलं तर त्यांना काय सांगायचं?"

मग त्यांनी लेखणी उचलली. अर्जदाराने सरकारी कागदपत्रांत खोट्या नोंदी केल्याची कबुली दिली आहे, सबब वर्तन पालकत्वास अपात्र.

"मॅडम, मी खरं बोलले," हेमलताबाई म्हणाल्या.

"हो. म्हणूनच लिहावं लागतंय."

फिरोज गप्प बसला. तेव्हा बोलायला हवं होतं, याची लाज त्याला पुढे आयुष्यभर पुरली.

मापनी नव्याने प्रमाणित करायचं मात्र ठरलं. काम शाळांना दिलं, मुदत तीन आठवडे. यावेळी तो घटक त्र्याहत्तर टक्क्यांवर गेला आणि केंद्रात पेढे वाटले गेले.

कस्तुरी अठ्ठ्याण्णव गुणांच्या एका जोडप्याकडे गेली. माणसं वाईट नव्हती. वर्षाने त्यांना एकोणचाळीस पडले. बाईने पट्टी ओरबाडून काढली, केंद्राच्या दारात बसून रडली, पण नियम तो नियम. तिसरं घर जळगावला मिळालं, चौथं साताऱ्याला.

साताऱ्याच्या घरी पहिल्याच आठवड्यात तिने गरम आमटीचं पातेलं पाडलं. घरातले काका कामावरून दमून आले होते. त्यांचा आवाज चढला. आठ वर्षांची कस्तुरी घाबरली नाही. तिने फडकं आणलं, खाली बसून फरशी पुसायला घेतली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "काका, ओरडू नका. त्या पट्टीवर कळतं. मग मला जावं लागतं."