भिंतीकडं बघणारी जोडी

"मूळ फोटोला हात लावायचा नाही, सोनिया. आधी प्रत काढायची, मग त्या प्रतीवर काय खेळायचं ते खेळ."

हजला निघताना झुबेदा आपा एवढंच सांगून गेल्या आणि भोरमधला आपला फोटो स्टुडिओ, त्यातल्या नव्या कॉम्प्युटरसकट, तिच्यावर सोपवून गेल्या.

त्या दुपारी दारात दुधाचा टेम्पो थांबला. उतरला तो भाटघरचा कुमार. आठवड्यात तिसऱ्यांदा!

"झाली का जोडी?"

"कुणाची?" सोनियाच्या तोंडून निसटलं, आणि तिनं जीभ चावली.

"आई-आबांची वो… बाकीच्यांचं मागनं बघू."

कुमारच्या आईला, बनाबाईंना जाऊन उद्या वर्ष होत होतं. आबांसोबत त्यांचा एकही फोटो नव्हता. उद्याच्या नैवेद्याआधी दोघं एका चौकटीत बसलेली बघायची, एवढाच आबांचा हट्ट.

सोनियानं मन लावून काम केलं होतं. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून बनाबाईंना कडेकडेनं अलगद वेगळं काढून आबांच्या फोटोशेजारी बसवलं होतं. कापलेलं कळू नये म्हणून कड मऊ केली, खांद्यावरचा परका हात शेजारच्या लुगड्याचा रंग त्यावर चोपडून पुसला. बनाबाईंचं तोंड मात्र भलतीकडं होतं. मग तिनं त्यांना आरशासारखं उलटवलं. आता दोघं एकमेकांकडे बघत होती.

कुमार पडद्याजवळ वाकून बघत राहिला.

"नाही आवडलं?"

"लई ग्वाड झालंय. पण… आईची नथ उजवीकडं गेली. पदर बी."

सोनियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रोज पदर खोचणाऱ्या आपल्याला हे दिसू नये? पण आपांचा शब्द तिनं पाळला होता. उलटवलेली प्रत काढून टाकली, आणि खाली जशीच्या तशी ठेवलेली मूळ बनाबाई पडद्यावर आली. नथ डावीकडे, पदर डाव्या खांद्यावर, नजर मात्र दूर.

"अशा त्या रुसून बसल्यासारख्या दिसतात हो."

कुमार हसला. "आई चारचौघांत आबांकडं सरळ कदी बगायचीच न्हाई. हसू आलं की भिंतीकडं बगायची. आबा म्हणायचे, हिला माज्यापरीस भिंतच आवडती." थोडं थांबून तो हळूच म्हणाला, "आत्ता तुमी बगताय ना… तशी."

सोनिया खरंच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"खाली नावं काय लिहू?" तिनं घाईनं विचारलं. "कैलासवासी बनाबाई…"

"कैलासवासी नगं. जोडीला बसलीय ती."

तिनं नुसतंच 'रखमाजी आणि बनाबाई' असं टाइप केलं, आणि अक्षरं आबांच्या फेट्याच्या रंगाची केली. आता फक्त छापायचं, तेवढ्यात वीज गेली. अर्धा तास झाला तरी येईना. टेम्पोतलं दूध तर खोळंबलेलं.

"उद्या नैवेद्याच्या आत फोटो तुमच्या घरी असेल," सोनिया म्हणाली. "मी स्वतः घेऊन येईन."

"आबांना काय सांगू? पोरगी फोटो द्यायला येतीय, का… घर बगायला?"

तिची नजर पुन्हा कॅलेंडरकडे वळली.

"मला तुमी आवडता. उत्तर उद्या द्या. पण भिंतीला न्हाई, मला द्या."

संध्याकाळी वीज आली. फोटो छापला, चौकटीत बसला.

सकाळी सोनियानं तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला. सोमवारचा उपास, म्हणून चहासुद्धा घेतला नाही. आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात चौकट गुंडाळताना तिनं बनाबाईंकडे पाहिलं. त्या हसू दाबत पलीकडेच बघत होत्या.

"तुमचं निभावलं," ती पुटपुटली. "मला एकदा तरी सरळ बघावं लागेल."

आई आतून म्हणाली, "अगं, उपाशी कुठं निघालीस?"

"भाटघरला. कबूल केलंय."

चौकट छातीशी धरून, चपला न वाजवता, ती धुक्यातून एसटी स्टँडकडे चालू लागली.