हार्जितोंच्या दुकानाच्या किल्ल्या

कंदील जरा इकडे सरकवा. कुणाला मध्येच उठायचं असेल तर आत्ताच जाऊन या. गस्तीची पुढची फेरी बाराला आहे, तोवर पुरेल एवढंच सांगतो. ही जिची हकिगत आहे ती बाई अजून धडधाकट आहे. तिनं स्वतःच्या तोंडानं मला सांगितली, आणि तिच्या दुकानासमोर मी अकरा वर्षं नासी गोरेंगचा, परतलेल्या भाताचा, गाडा लावत होतो, म्हणून थोडं मीही पाहिलं.

विनार्ती तिचं नाव. वय अठ्ठावीस. मलांगच्या एका किराणा दुकानात सात वर्षं गल्ल्यावर उभी राहिली. मग बढतीचं पत्र आलं. आपल्या लुमाजांग रस्त्यावरच्या दुकानाची प्रमुख. आईनं हळदीच्या भाताचा डोंगर रचून अख्खी गल्ली जेवू घातली. मलांगला सगळे तिला 'म्बाक' म्हणायचे, ताई म्हणावं तसं. इथं तिच्याहून वयानं मोठे पुरुष पहिल्याच दिवशी 'बू' म्हणाले, बाईसाहेब म्हणावं तसं. तिला आधी हसू आलं. मग चालताना पाठ आपोआप ताठ व्हायला लागली.

हाताखाली तीन माणसं. फेब्री आणि दानांग ही विशीतली पोरं, आणि उपप्रमुख तार्मुजी. दुकानात नऊ वर्षं काढलेला तार्मुजी. ती खुर्ची आपलीच, असं तो धरून चालला होता. बोलायचा मात्र फार गोड. "बू, तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही आहोत ना." दिवसातून दहा वेळा.

पंधरा दिवस झाले तरी मागच्या कोठीच्या किल्ल्या जुन्या प्रमुखांकडेच होत्या. पाक हार्जितो, वडीलधाऱ्याला 'पाक' म्हणतात तसे. त्यांना तीन निरोप धाडले, पण ते दुकानाकडे फिरकायला तयार नव्हते. शेवटी विनार्ती स्कूटर काढून स्वतःच त्यांच्या गावी गेली. नोव्हेंबरची सात तारीख, गुरुवार. दुसऱ्या दिवशी शुक्रवार क्लिवन होता, म्हणजे आदली रात्र भुताखेतांची. ती रात्र कशी असते ते तुम्हाला सांगायला नको.

हार्जितो ओसरीवर पक्ष्याचा पिंजरा पुसत बसले होते. त्यांनी चहा दिला, तळलेली केळी पुढं केली. किल्ल्या मात्र तिच्या हातात न देता टेबलावर ठेवल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. ती उठली तेव्हा ते बोलले.

गेल्या वर्षी असाच गुरुवार होता. एक माणूस बाळाच्या दुधाचा डबा चोरताना सापडला. दुकानातल्या पोरांनी शटर ओढून घेतलं आणि त्याला मारलं. अर्धमेला झाला तेव्हा शटर वर करून रस्त्यावर फेकला, आणि बाकीचं जमलेल्या गर्दीनं पुरं केलं. पोलिसांत नोंद झाली, जमावाने मारले. हार्जितो तेव्हा दुकानातच होते. आतल्या खोलीत. कडी लावून.

"तो मला हाक मारत होता," ते म्हणाले. "मी दिवसाच्या विक्रीचा रिपोर्ट छापायचं यंत्र सुरू केलं. त्याचा आवाज मोठा आहे." मग पुन्हा पिंजऱ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, ते तुला आत जा म्हणतील. जाऊ नकोस."

ती सातला दुकानात परत आली. हार्जितोंचं बोलणं तिनं मनाआड केलं. नवी जागा, नवी माणसं, उगाच जुनं कशाला उकरायचं?

नऊ पन्नासला शेवटचं गिऱ्हाईक आलं. किडकिडीत माणूस. अंगात तपकिरी जाकीट, गळ्यापर्यंत बंद. पाय अनवाणी. तो सरळ दुधाच्या फळीकडे गेला, एक डबा उचलून जाकिटात सारला आणि सावकाश दाराकडे निघाला. लपवलं असं म्हणवत नाही. दाखवलंच म्हणा.

तार्मुजीनं झडप घालून त्याचे केस धरले. फेब्रीनं आतून शटर ओढलं.

विनार्ती म्हणाली, पोलिसांना बोलवा.

"बोलवू की," तार्मुजी म्हणाला. कोपऱ्यातला शटर ओढायचा लोखंडी गज त्यानं हातात घेतला होता. "बू, तुम्ही आत जा. रिपोर्ट काढायचाय ना? काढा. दहा मिनिटं लागतील."

आणि ती गेली. हे तिनं माझ्यापासून लपवलं नाही, मी तुमच्यापासून लपवत नाही. पंधरा दिवसांची प्रमुख, एकटी बाई, समोर गज घेतलेला माणूस. तिनं दार लोटलं. बाहेर पहिला घाव बसला. मग दुसरा. दगडावर ओलं धुणं आपटावं तसा आवाज. पण ओरडणं नाही. साधं कण्हणंही नाही. तिनं कडीला हात घातला. यंत्र समोरच होतं.

कडी अर्धी सरकली… आणि तिला पिंजरा पुसणारे ते हात आठवले.

ती बाहेर आली.

फरशीवर रक्त होतं. पुष्कळ. तो माणूस गल्ल्यापाशी कुशीवर पडला होता. दानांग त्याच्या पोटात लाथा घालत होता. फेब्री छातीवर पाय देत होता. तार्मुजीचा गज त्याच्या तोंडावर उतरत होता. एक. आणखी एक.

त्या माणसाच्या अंगावर ओरखडा नव्हता.

रक्त त्या तिघांचं होतं.

गज त्याच्या जबड्यावर बसला, आणि तार्मुजीचा जबडा बाजूला सरकला. दात फरशीवर सांडले. त्यानं गज पुन्हा उचलला. फेब्रीनं पाय आपटला, आणि फेब्रीचीच बरगडी मोडल्याचा आवाज आला. तो रडत होता. बस, बस, म्हणत होता. तरी पाय उचलत होता. दानांगच्या तोंडून रक्ताची गुळणी आली. तरी लाथ चालूच.

त्यांना थांबायचं होतं. ते डोळ्यांत दिसत होतं. हातपाय ऐकत नव्हते.

फक्त घाव. श्वास. घाव.

विनार्ती धावत मध्ये शिरली आणि त्या माणसाला पाठीशी घालून उभी राहिली. तार्मुजीला गज आवरला नाही. तो तिच्या डाव्या खांद्यावर पडला, सगळ्या ताकदीनं. ती भेलकांडत मागं गेली, शटरला आपटली आणि खाली बसली.

त्या माणसानं मान वळवली. पहिल्यांदाच. तिच्याकडे बघितलं.

"बू… दार उघडा."

तिनं शटरच्या खाली बोटं घातली. एक हात बधिर होता. वीतभर उचललं… गुडघाभर… कमरेपर्यंत.

तिच्या अंगावरून गार हवा गेली.

मागं गज खणकन पडला. मग काहीच नाही.

मी रस्त्यापलीकडे कढई घासत होतो. शटर वर जाताना पाहिलं. आतून कुणी बाहेर आलं नाही, हे मी मशिदीत शपथेवर सांगेन. पण माझ्या गाड्याखाली झोपलेला कुत्रा उठला. शेपूट हलवत, मान वर करून, कुणाच्या तरी बाजूनं चालत पुलापर्यंत गेला. तिथून एकटाच परत आला.

मी आत धावलो. तिघं गल्ल्यापाशी पडले होते. दुधाच्या डब्यांची रांग फळीवर जशीच्या तशी.

तार्मुजी जगला, पण पुढं त्याला नीट बोलता आलं नाही आणि दोन्ही हात कामातून गेले. फेब्री महिनाभर खाटेवर होता, मग गाव सोडून गेला. दानांगनं मात्र आठव्या दिवशी पोलिसांना बोलावून सगळं सांगितलं, त्या रात्रीचंही आणि आदल्या वर्षीचंही. कोण, कशानं, किती वेळ. हार्जितोंनी साक्ष दिली. तार्मुजी तुरुंगात गेला. त्या मेलेल्या माणसाच्या बायकोला वर्षभर लोक चोराची बाई म्हणत होते. ते थांबलं असं नाही, पण तिच्या नवऱ्याला मारणाऱ्यांची नावं तरी तिला कळली. ज्या तीन वर्षांच्या लेकरासाठी त्यानं डबा उचलला होता, ते बापामागं महिन्याभरातच गेलं होतं. विनार्ती दर महिन्याला तिच्याकडे जाऊन बसते. दुकानाची प्रमुख तीच आहे अजून.

आता राहिला तिचा खांदा. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरला वाटलं, हाडाचा चुरा झाला असेल. तसल्या गजानं दुसरं काय होणार? फोटो काढला तर साधी चीरही नव्हती. मग नर्सनं सदऱ्याची बाही कापली. माझी बायको तिथं होती, तिनं पाहिलं. मानेपासून दंडापर्यंत कातडी काळीनिळी, सुजलेली. आणि मधोमध, बरोबर घावाच्या जागी, एक पंजा. पाच बोटं. तेवढीच कातडी कोरी. खांद्यावर मागून कुणी हात ठेवावा तसा. अंगठा पाठीकडे, बोटं पुढं.

पण तो माणूस खाली फरशीवर पडला होता. आणि पंजा लहान होता. तीन-चार वर्षांच्या मुलाचा असतो, तेवढा.